टाकून दिलेली करवंदं

बाबा गेले आणि सहा महिन्यांत आईला शुगर निघाली. तेव्हापासून आमच्या घरात आई कोण आणि मुलगी कोण, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळलं नसतं. गोळी मी तिच्या हातावर ठेवायची, पाण्याचा पेला मी पुढे करायचा, ‘आता जीभ दाखव’ एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं होतं. डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं होतं की गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. नाही गेलं तर शुगर झपकन उतरते, माणूस बरळायला लागतं, वेळेत गोड मिळालं नाही तर बेशुद्ध पडतं, आणि आईच्या वयात त्यातून परत येईलच असं नाही. मी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर तिचे उपास बंद केले. चाळीस वर्षांची एकादशी एका संध्याकाळी मोडीत काढली. ती काही बोलली नाही. समोरचं माणूस गप्प बसलं की मी तो होकार समजते, हा माझा जुना दोष.

दुसरी माझी शिस्त जंगलाची. बोरिवलीला राहायचं आणि पाठीमागे एवढं रान असताना मॉलमध्ये फिरायचं, हे मला कधी पटलं नाही. कित्येक वर्षं मी रविवारी लोकांना घेऊन कान्हेरीच्या रानात जाते. झाडं दाखवते, पाखरं ओळखायला शिकवते आणि मुख्य म्हणजे ओरडते. फूल तोडलं, ओरड. माकडाला वेफर्स दिले, ओरड. गेटवरचे रखवालदार मला बघून आपापसांत हसतात, ते मला माहीत आहे.

गेल्या मे महिन्यात मी आईला म्हटलं, ‘‘चल, लेण्यांवर जाऊ. बाबा गेल्यापासून तू वर आलीच नाहीस.’’ आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी नसते म्हणून मी रजा टाकली होती.

‘‘आज नको गं. उद्या जाऊया की,’’ आई म्हणाली.

‘‘उद्या मला ऑफिस आहे. आजच जायचं.’’

मग तिने मुकाट्याने साडी बदलली. मी तिच्या हातावर गोळी ठेवली, ती तिने माझ्यासमोर गिळली. मी उपमा वाढून ठेवला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर ताटली धुऊन उपडी घातलेली. कढईत बराच उपमा उरला होता, तो मी उभ्याउभ्याच संपवला आणि आज आपण जरा जास्तच केला, असं मनाशी म्हटलं.

गेटवरून बसने वर गेलो. आईने खिडकी सोडली नाही. रस्त्याच्या कडेचे बहावे पिवळेधम्मक फुलले होते, आणि पानं झडलेले पांढरेफटक कांडोळ उन्हात उघडेवाघडे उभे होते. कुठेतरी तांबट पाखराचं ठोकणं चाललं होतं. वर पोचल्यावर पहिल्याच मोठ्या लेण्यात तिने खांबाला हात लावला आणि म्हणाली, ‘‘किती गार आहे गं. दोन हजार वर्षं हा असाच गार असेल?’’ इतक्या दिवसांनी तिने आपणहून काही विचारलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला अजून वर न्यायचं ठरवलं.

त्या डोंगरात वरपर्यंत पायऱ्या खोदलेल्या आहेत, आणि प्रत्येक लेण्यापाशी पाण्याचं टाकं. भिक्षूंनी पाऊस साठवायला कोरलेली ती टाकी मेमध्येही थोडंफार पाणी धरतात. लोक खालची लेणी बघून, फोटो काढून परततात. वर कुणी नसतं. एका टाक्याच्या काठावर हळद्या पक्षी पाणी प्यायला उतरला होता. आई आणि मी श्वास रोखून उभ्या राहिलो. त्याने मान बुडवली, अंग झाडलं आणि पिवळी रेघ ओढत निघून गेला. आईने टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती.

पुढे वळणावर करवंदांची जाळी लागली. काळीभोर, टपोरी करवंदं. आई मालवणकडची. तिने मागेपुढे पाहिलं नाही, मूठभर तोडली सुद्धा. तोंडाकडे नेणार तेवढ्यात मी ओरडले.

‘‘आई! काय करतेस? इथलं पानसुद्धा तोडायचं नाही. ते पाखरांचं खाणं आहे. मी दर रविवारी लोकांना काय सांगत असते?’’

‘‘चारच घेतली गं.’’

‘‘प्रत्येकजण चारच घेतो. टाक ती.’’

तिने मूठ उघडली आणि करवंदं जाळीच्या बुडाशी सोडली. मग हाताचा वास घेतला. तेही मी पाहिलं, आणि ‘बघा, लहान मुलासारखं करते’ असं मनात म्हणून पुढे चालायला लागले.

थोडं वर गेल्यावर मी पिशवीची चेन उघडून पाण्याची बाटली आईच्या हातात दिली. चेन उघडायची आणि लगेच लावायची, हेही मी लोकांना शिकवते. मी मात्र वर बसलेला घुबडासारखा काहीतरी आकार निरखत बसले. मागून माकडीण आली, पोटाला पिल्लू धरलेली, आणि पिशवी घेऊन कातळावरून सरळ पलीकडच्या झाडावर. पिशवीत आईची चिक्की होती, खजूर होता, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून कायम ठेवलेली साखरेची पुडी होती. मी दगड उचलला, तो खाली ठेवला. माकडिणीने चिक्कीचा कागद फाडला आणि शांतपणे खायला बसली.

‘‘जाऊ दे,’’ मी म्हटलं. ‘‘उपमा खाऊन आलोय, तासाभरात खाली पोचू.’’

मी आईकडे वळून पाहिलं. ती एका दगडावर बसली होती आणि पदराने कपाळ पुसत होती. पुसलं की पुन्हा घाम. ओठांभोवती पांढरं पडलं होतं. मी तिचा हात हातात घेतला तर तो थंडगार, चिकट आणि बारीक थरथरत होता.

‘‘आई, उपमा खाल्लास ना?’’

तिने माझ्याकडे बघितलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

‘‘आई! सकाळी उपमा खाल्लास की नाही?’’

‘‘एकादशी आहे,’’ ती म्हणाली.

मग सगळं एका क्षणात लक्षात आलं. ‘उद्या जाऊया’ का म्हणाली, ताटली एवढ्या घाईने का धुतली होती, कढईतला उपमा कुठला होता. साबुदाणा केला असता तर मला कळलं असतं, म्हणून तिने तोही केला नव्हता. माझं मन राखायला गोळी घेतली, आणि पांडुरंगाचं मन राखायला उपास धरला. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं आणि वर ती गोळी. मी, जिला आपण सगळं सांभाळतो अशी घमेंड होती, तिने स्वतःच्या हाताने आईला ती गोळी दिली होती.

फोनला रेंज नव्हती. मी हाका मारल्या. लेण्यांतून माझाच आवाज फिरून आला. खाली तिकिटाच्या खिडकीपर्यंत धावत जायचं आणि मदत घेऊन पुन्हा चढायचं म्हणजे अर्धा तास तरी गेला असता. तिला उचलून नेणं मला जमणारं नव्हतं. मी पँटचे सगळे खिसे उलटे केले. मागच्या रविवारचं एक ग्लुकोजचं बिस्किट निघालं, तुकडे झालेलं. मी ते पाण्यात भिजवून तिच्या ओठांना लावलं. तिने दात घट्ट आवळले.

‘‘आई, खा. तुझ्या पाया पडते, खा.’’

‘‘पीठ आहे त्यात. एकादशी आहे.’’

‘‘मरशील गं!’’ मी किंचाळले. ‘‘कळतंय का तुला? मरशील!’’

मी तिच्या गालांवर बोटं दाबून तोंड उघडायचा प्रयत्न केला. तिने मान फिरवली आणि बिस्किटाचा लगदा मातीत पडला. तिच्या अंगात एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. नंतर डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली की माणसं अशी हट्टाला पेटतात. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ती माझं ऐकत नाही आणि आता माझं ओरडणं कुठेच पोचत नाही.

आणि मग मला करवंदं आठवली. फळ उपासाला चालतं. ते ती खाईल.

आजूबाजूला पाहिलं तर नुसता कातळ आणि वाळलेल्या कारवीच्या काठ्या. करवंदं होती ती खालच्या वळणावर. जायला-यायला धावत पाच-सात मिनिटं, आणि तेवढा वेळ तिला एकटीला सोडायचं. ती दगडावरून घसरली तर खाली कातळ होता. मी तिला धरून शेजारच्या लेण्याच्या दारात जमिनीवर बसवलं, पाठ भिंतीला टेकवली, माझी ओढणी तिच्या कमरेभोवती घेऊन कोरलेल्या खांबाला बांधली. हो, आईला बांधून ठेवलं. मग धावले.

त्या जाळीपाशी मी गुडघ्यांवर बसले. टाकलेली करवंदं पाचोळ्यात पडली होती, काहींना मुंग्या लागल्या होत्या. मी मुंग्या फुंकून ती गोळा केली. ती थोडीच होती. मग जाळीत हात घातला आणि ओरबाडायला लागले. पिकली, अर्धवट पिकली, हाताला येतील ती. काट्यांनी मनगटं सोलवटली, चीक बोटांना चिकटला. पाखरांचं खाणं, पानसुद्धा तोडायचं नाही, सगळं कुठल्या कुठे गेलं. कुर्त्याचा ओचा भरला तशी उठले आणि पायऱ्या चढायला लागले. चढताना मी मोठ्याने बोलत होते. काय बोलत होते ते लिहायची मला लाज वाटते, पण पांडुरंगाशी मी चांगल्या शब्दांत बोलत नव्हते.

आई तशीच होती. डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी छातीवर. मी तिच्यासमोर बसून ओंजळ पुढे केली. तिने सावकाश डोळे उघडले. आधी करवंदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम अंग चोरून भिंतीला चिकटली. दोन्ही हात पाठीमागे लपवले.

‘‘आये,’’ ती म्हणाली, ‘‘मी नाय गो तोडलंय. टाकलंय मी. सगळी टाकलंय.’’

आये म्हणजे तिची आई. लहानपणची ती बोली ती आमच्याशी कधी बोलली नव्हती. एक शहात्तर वर्षांची बाई माझ्यासमोर मार चुकवायला अंग चोरून बसली होती, आणि ती कुणाला घाबरत होती हे मला विचारायची गरज नव्हती.

मला रडू फुटलं. पण रडायला वेळ नव्हता. मी एक करवंद चिरडून बिया काढल्या आणि गर तिच्या ओठांवर ठेवला. ‘‘फळ आहे गं आई,’’ मी म्हटलं. ‘‘उपासाचं आहे. मी तोडलंय. मी. तू खा.’’

तिने चाटलं. मग दुसरं घेतलं. मग माझ्या तळहातावरून एकेक उचलायला लागली. मी बिया काढून देत राहिले. मध्येच मान लुडकली की गाल थोपटायचे, पुन्हा गर पुढे करायचा. करवंदांत अशी कितीशी साखर असणार, पुरेल की नाही, काही कळत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. तांबटाचं ठोकणं तेवढं अखंड चालू होतं. मग हळूहळू तिच्या हाताची थरथर कमी झाली. नजर जागेवर आली. तिने कमरेच्या ओढणीकडे पाहिलं.

‘‘मला बांधलंयस कशाला गं?’’ ती म्हणाली.

मी ओढणी सोडली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून वेड्यासारखी रडले. तिला बिचारीला काही आठवत नव्हतं. ती माझ्या मनगटावरचे ओरखडे बघून म्हणत होती, ‘‘किती लागलंय. काट्यांत हात कुणी सांगितला होता घालायला?’’

पायरी पायरीने उतरलो. खाली स्टॉलवर तिला साखरेचं लिंबूपाणी पाजलं, दोन ग्लास. तिथून बसने गेटवर आलो, दवाखान्यात जायला रिक्षा करायची होती. बाहेर पडताना रखवालदाराने सवयीने सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. आईच्या पदराला गाठ होती आणि गाठीतून जांभळा डाग बाहेर फुटला होता. उरलेली करवंदं तिने कधी बांधून घेतली, मला कळलंच नव्हतं.

‘‘आजी, गाठीत काय आहे?’’

आईने पटकन पदर मुठीत धरला आणि माझ्याकडे पाहिलं. रखवालदारानेही माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. ‘‘मॅडम, तुम्हीच तर सगळ्यांना दम देता, तोडायचं नाही म्हणून. कुणी तोडली ही?’’

आई गाठ सोडायला लागली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

‘‘मी तोडली,’’ मी म्हटलं आणि सोलवटलेली मनगटं त्याच्यासमोर धरली. ‘‘तिने नाही.’’