खालूंचा लाल कोबा

पायाखालच्या जमिनीचा आमच्या खालूंइतका विचार अख्ख्या दुबईत दुसऱ्या कुणी केला असेल, तर त्याला माझ्यासमोर आणून उभा करा! खालू म्हणजे माझ्या सख्ख्या खालाचे, मावशीचे, यजमान. मूळचे रत्नागिरीचे, साठच्या दशकात दुबईच्या देरा भागात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाखाली तळघर. सात वर्षं विनवण्या केल्यावर खालाने गावाहून कळवलं, "दोन महिने येते. करमलं नाही तर पहिल्या आगबोटीने परत." झालं! वरच्या खोल्या उन्हाने भाजून निघायच्या, तळघर तेवढं गार. खालूंनी तिथे रंग दिला, पंखा लावला, आणि जमिनीपाशी येऊन जे अडले ते अडलेच.

"फरशी पायांनी निवडायची रे, डोळ्यांना काय कळतं!" असं म्हणत ते दुकानोदुकानी चपला काढायचे. मोझॅकचा नमुना मांडलेला दिसला की आधी त्यावर उभे राहायचे, मग मांडी घालायचे, मग सरळ आडवे! एकदा त्यांना असे डोळे मिटून पडलेले पाहून इराणी दुकानदार बिचारा पाणी घेऊन धावत आला. खालू पडल्या पडल्याच मला म्हणाले, "खलास, ही नको. पाठीला टोचते. तुझ्या खालाला दुपारी लवंडायची सवय आहे." लिनोलियमला वास, गालिच्यात वाळू, आणि संगमरवर म्हणे मशिदीत शोभतो, त्यावर पाय पसरून तांदूळ कोण निवडणार? शेवटी मी वैतागलो. "खालू, मुंबईहून बोट सुटलीसुद्धा! यल्ला, चला, काहीतरी ठरवा!" त्यावर स्वारी एकदम उजळली. "कोबा! आपल्या घरातल्यासारखा लाल कोबा!"

गुहागरचा एक गवंडी शोधून काढला. त्याच्याबरोबर गुडघे टेकून खालूंनी तो कोबा स्वतः घोटला. काय चकाकत होता म्हणून सांगू!

खाला आली, चपला काढून कोब्यावर उभी राहिली. खालूंचा जीव टांगणीला. मग तिने पदर खोचला, बादली मागवली आणि आपल्याकडच्या रीतीने जमीन धुवायला काढली. पाणी झरझर मागच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथेच तळं होऊन थांबलं! गावच्या सवयीने खालूंनी आणि गवंड्याने मोरीकडे द्यावा तसा उतार दिला होता. इथे मोरी कुठली? भिंतीपलीकडे दुबईची वाळू! आम्हा तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

खालू कपाळाला हात लावून पायरीवर बसले. "गेली ही आता पहिल्या बोटीने."

खाला हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तांब्या घेऊन कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, "रोज धुवायचं आणि रोज उपसायचं, तुम्हाला एकट्याला जमणार आहे का? माझी ट्रंक खाली आणा."

दोन महिन्यांची एकोणीस वर्षं झाली. खाला वारल्यावर मी खालूंना म्हटलं, "गवंडी आणतो, तो उतार काढून टाकू." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर कोब्यावर बादली ओतून ते कोपऱ्यात एकटेच पाणी उपसत बसले होते.