कोटावरची माती

आमचे सासरे माणसाचा चेहरा नंतर पाहायचे, आधी मांड्या. त्यांच्या मुलीला मागणी घालायला मी जर्मनीतल्या जर्मनीत, उंटरश्लाइसहाइमहून लुडविग्सहाफेनला गेलो, तेव्हा हात मिळवायच्या ऐवजी त्यांनी माझा दंड दाबून पाहिला. "सॉफ्टवेअर?" मी हो म्हटलं. "दिसतंय," म्हणाले, आणि इंग्रिडआईंना, म्हणजे माझ्या जर्मन सासूबाईंना, मला दोन अंडी जास्त वाढायला सांगितलं.

इथले मराठी लोक त्यांना वस्ताद म्हणायचे. खरं तर ते रसायनशास्त्रज्ञ, सगळी नोकरी रंगांच्या कारखान्यात गेली. पण त्याआधी कोल्हापूरच्या तालमीत सहा वर्षं घुमले होते, आणि त्या सहा वर्षांवर त्यांनी पुढची पन्नास काढली. बाकी माणूस जर्मनांहून जर्मन. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला उभे राहणार, आणि मी पाऊल टाकलं की माझी कॉलर धरणार.

एक गोष्ट मात्र त्यांना आयुष्यभर डाचत राहिली. जर्मनीला निघाले त्या दिवशी ते तालमीत पाया पडायला गेले. तिथल्या म्हाताऱ्या वस्तादांनी कुस्तीच्या हौद्यातली लाल माती कपाळाला लावायला चिमटीत घेऊन हात पुढे केला. यांनी नवा शिवलेला सूट घातला होता. डाग पडेल म्हणून हे मागे सरकले. म्हाताऱ्याने माती परत हौद्यात टाकली. पुढे हे परत गेले तेव्हा म्हातारा नव्हता आणि हौद्यावर मॅट घातली होती. "फोमवर पडायचं तर घरात पलंग आहे की," एवढंच म्हणाले. एकदा कुठल्यातरी आखाड्याची माती कपाळाला लागली पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

म्हातारपणी त्यांना यूट्यूबवर सुमो सापडलं. "आल्झो, म्हणजे पाठ टेकली कुठं? गोलाबाहेर पाय पडला की हरला? मग मी रोज कारखान्याबाहेर पडताना हरतच होतो की!" असा आरडाओरडा रोज. पण आखाडा मातीचा होता, आणि माझं तोक्योला ऑफिसचं काम निघालं. "जावईबापू, बॅग भरलीय," म्हणाले. मी विचारलंच नव्हतं.

तिथल्या सहकाऱ्याने खटपट करून आखाड्याला लागूनच्या जागा मिळवल्या. खुर्ची नाही, जमिनीवर गादी. वस्ताद सूट घालून, गुडघ्यांना शिव्या देत मांडी घालून बसले. दोन कुस्त्यांच्या मधे हळूच पुढे सरकले आणि आखाड्याच्या कडेला हात लावायला गेले. कर्मचारी धावतच आला. पैलवानाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम. नियम म्हटल्यावर वस्ताद लगेच मागे आले. त्यांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्या नियमाचा भयंकर राग आला.

पुढच्याच कुस्तीत एक दीडशे किलोचा गडी बाहेर फेकला गेला, तो थेट आमच्या वस्तादांवर. मी ओरडलो. मनात म्हटलं, आता इंग्रिडआईंना काय सांगू? गडी उठला, घामाने निथळत, पाठ मातीने भरलेली. लाजून वाकला. खालून वस्ताद उठले, उजवा खांदा मातीने माखलेला, कपाळावर मातीचा हा पट्टा! त्यांनी त्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि शुद्ध कोल्हापुरीत सुनावलं, "पाय जवळ ठेवलास गड्या, म्हणून गेलास. पण लई झ्याक पडलास." मग डोळे पुसायला लागले. माती गेली डोळ्यात, असं मला सांगितलं. मी मान्य केलं.

फ्रांकफुर्टच्या विमानतळावर मी कस्टम्सच्या हिरव्या वाटेने निघालो. मागे पाहतो तो हे लाल वाटेने गेलेले. परदेशची माती आणायची तर सांगायला नको? त्सोलचा, म्हणजे कस्टम्सचा माणूस म्हणाला, "कुठं आहे माती?" यांनी खांदा पुढे केला. त्याने वाकून खांदा पाहिला. मग म्हणाला, "सूट ड्राय-क्लीनिंगला द्या, आजच्या आज." "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले वस्ताद. आणि घरी येऊन तो सूट तसाच कपाटात टांगला. जर्मन सरकारचा त्यांनी मोडलेला हा एकच हुकूम. टेबलावरचा रुमालसुद्धा साठ डिग्रीवर धुणाऱ्या इंग्रिडआई त्या कपाटाकडे वळल्या नाहीत.

या हिवाळ्यात वस्ताद गेले. त्यांना तोच सूट घालायचा हे सांगावं लागलं नाही. अंत्यसंस्कारवाला मोठा अदबीचा माणूस. हळूच म्हणाला, खांद्यावर डाग आहे, पाच मिनिटांत काढून देतो.

"नाइन," इंग्रिडआईंनी साफ नकार दिला. पुढे झाल्या, त्या खांद्यावर बोट घासलं आणि ते बोट वस्तादांच्या कपाळाला टेकवलं. मग माझ्याकडे वळून, पन्नास वर्षांत नवऱ्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "आता जाऊ दे त्याला."