पिशवीपाशी कोण?

कॅरिबियनमधल्या त्या चिमुकल्या बेटांवर आमची होडी रोज नव्या किनाऱ्याला लागायची आणि प्रत्येक किनाऱ्यावर मी पिशवीपाशी बसायचे. पिशवीत ह्यांचा चष्मा, घड्याळ, दोघांचे पासपोर्ट, चिवड्याचा डबा. गणपतीपुळ्यापासून इथवर समुद्र मी असाच पाहिला आहे, मांडीवर दुसऱ्यांचे टॉवेल घेऊन.

त्या सकाळी पाण्यात गावातल्या काही बायका दिसल्या. माझ्याहून वयाने मोठ्या, डोक्यावर गवती टोप्या, गळ्यापर्यंत समुद्रात उभ्या. पोहत नव्हत्या, निवांत गप्पा मारत होत्या. नावाडी म्हणाला, त्या रोजच येतात, हीच त्यांची आंघोळ. त्यांच्या पिशव्या वाळूत पडल्या होत्या आणि पिशव्यांपाशी कोणीही बसलेलं नव्हतं.

मी बघतच राहिले. राखणीला बाईच लागते, हे ठरवलं कोणी? मला तरी कोणी विचारलं नव्हतं.

मी उठले, आमची पिशवी त्यांच्या पिशव्यांशेजारी ठेवली आणि पंजाबी ड्रेससकट पाण्यात शिरले.

"अगं, पिशवीपाशी कोण?" हे पाण्यातून ओरडले.

"तुम्ही बसा की."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"चष्मा पिशवीतच आहे."

त्या बायका हसल्या. भाषा कळली नसावी, पण भांडण ओळखीचं वाटलं असणार. सरकून त्यांनी मला मधे जागा दिली. एकीने स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. पाणी गळ्यापर्यंत आलं, तरी मी किनाऱ्याकडे वळून पाहिलं नाही.