भैरोबाच्या दारात आण्णांची मान

आधी कबूल करतो, मी देवावर चिडलो होतो. असे अनुभव लिहिणारे बहुतेक जण श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याजवळ तेव्हा श्रद्धा म्हणावी असं काही उरलं नव्हतं. माझे वडील नगरच्या हॉस्पिटलमध्ये, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, छताकडे बघत पडले होते. आणि ते तिथे पोचले होते देवाच्या दर्शनाला गेल्यामुळे. व्हरांड्यात उभा राहून मी मनातल्या मनात भैरोबाला म्हणत होतो, तुझ्याच दारात थांबलो होतो ना रे आम्ही? दुसरीकडे कुठे थांबलो असतो तर समजलं असतं.

आण्णा भिंगारला एका लष्करी कार्यालयात ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी साहेबांच्या ॲम्बॅसिडर चालवल्या. निवृत्त झाल्यावर लिलावातली एक पांढरी ॲम्बॅसिडर घेतली आणि तिला लेकीसारखं सांभाळलं. त्यांच्या ड्रायव्हरकीवर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, श्रीगोंद्याला शाळेत लागलो. गाडीचं पासिंग झालं की ती आधी पारनेरच्या वाटेवरच्या भैरोबाला न्यायची, चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा, मगच घरी आणायची, हा आण्णांचा नेम.

यंदा मी हट्टाने स्टेअरिंग माझ्याकडे घेतलं. म्हटलं, “आण्णा, आयुष्यभर साहेबांना मागं बसवलंत. आज तुम्ही बसा.”

“आरं, पन मागं मला ब्रेक कुठं सापडायचा?” ते म्हणाले. पण बसले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. अवघडल्यासारखे होते, तरी मनातून सुखावले होते.

रविवार होता. देवळासमोरचं पटांगण गाड्यांनी भरलेलं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उजवीकडची दोन्ही चाकं डांबरावरच राहिली.

“पार खाली घे,” आण्णा म्हणाले. “डांबर सोड.”

“दोन मिनिटांचं तर काम आहे, आण्णा.”

हे माझं वाक्य. ते मी पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही.

मी इंजिन बंद केलं आणि मागून कांद्याने भरलेली पिकअप येऊन धडकली. आवाज आठवत नाही. छाती स्टेअरिंगवर आपटली, कपाळ फुटलं. गाडी देवळाच्या ओट्यापर्यंत ढकलली गेली होती. मागे वळून बघितलं तर डिकी आत घुसून मागचं सीट पुढे आलेलं, आणि आण्णा त्या बेचक्यात डोळे उघडे ठेवून बसलेले. सगळीकडे पेट्रोलचा वास.

पिकअपचा ड्रायव्हर “ब्रेक लागलाच न्हाई वो” म्हणत खाली उतरला. मी त्याची कॉलर धरली. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “पेटंल गाडी, म्हाताऱ्याला काढा भायेर!” मी धावलो, मागचं दार हिसकून उघडलं आणि आण्णांच्या काखेत हात घातले.

तेव्हा माझ्या मनगटावर एक फटका बसला.

देवळापाशी नारळ विकणारी म्हातारी होती ती. “हात काढ,” ती म्हणाली.

“मावशी, बाजूला व्हा. माझे वडील आहेत.”

“तुझंच हायेत म्हनून सांगते. ह्याच रस्त्यावर माझ्या लेकाला चांगल्या मानसांनी ओढून काढला हुता. मान मोडली हुती त्याची, कुनाला ठावं न्हवतं. काढेस्तवर बोलत हुता.”

मी तिला शिवी दिली. आईच्या वयाच्या बाईला. ती गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराने आत शिरली, फुटलेल्या काचांवर गुडघे टेकून बसली आणि आण्णांचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं. आतूनच लोकांना हुकूम सोडू लागली. “बॅटरीची तार काढा. सांडलंय तिथं माती टाका. बिडीवाला लांब व्हय.” मग माझ्याकडे बघून, “आन् तू रडायचं तर तिकडं जाऊन रड. ह्यांना दिसाया नगं.”

ॲम्ब्युलन्स यायला अर्ध्या तासाच्या वर गेला. तेवढा वेळ तिने हात हलवला नाही. आण्णा हळूच म्हणाले, “बाई, पेट्रोल हाय. तुमी जा.” ती म्हणाली, “गप बसा. मान हलती.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो दाखवला. मानेचं हाड मोडलं होतं. “काढताना एक हिसका बसला असता तर हातपाय गेले असते, कदाचित जीवही. मान कुणी धरली होती?” त्यांनी विचारलं. माझ्या हातांकडे बघण्याचा धीर होत नव्हता. इतका राग मी देवावर काढला, त्या ड्रायव्हरवर काढला, आणि आण्णांचा जीव घ्यायला निघालेले हात माझे होते.

ऑपरेशन झाल्यावर मी भैरोबाला गेलो. दर्शनाला नाही. त्या मावशीचे पाय धरायला, आणि खरं सांगायचं तर देवाशी भांडायला. तिच्या गुडघ्यांवरच्या जखमा अजून ओल्या होत्या. मी म्हणालो, “मावशी, माझी चूक होती, मान्य. पण ह्याच्याच दारात का?”

“माझा बी ह्याच्याच दारात गेला,” ती नारळ पुसत म्हणाली. “रोज भांडते मी. सकाळी येते, तोंडाला येईल ते बोलते, मग दुकान मांडते.”

“मग इथं बसता कशाला?”

“पुन्यांदा कुनी ओढाय लागलं तर? कुनीतरी नगं का हितं?”

मी गाभाऱ्यात गेलो. भैरोबापुढे उभा राहिलो आणि काही मागितलं नाही, दोषही दिला नाही. ज्याच्या दारात एक आई इतकी वर्षं रागाने येऊन बसते आणि त्या रागातून माझे वडील वाचतात, त्याला मी काय सांगणार होतो? मी कृतज्ञ आहे. राग पूर्ण गेलेला नाही, आणि तो लपवून नमस्कार करावा असं आता वाटत नाही. तो घेऊनच पायांवर डोकं ठेवतो.

आण्णा आता अंगणात चालतात. सुरुवातीला मी दंडाला घट्ट धरायचो. परवा तुळशीपाशी ते थांबले आणि म्हणाले, “लई आवळतोस बाबा. माझ्या मागनं नुसता ये.” मी दोन पावलं मागे राहिलो. ते फाटकापर्यंत गेले, कडी काढली आणि रस्ता बघत उभे राहिले.