लोणच्याचं ऊन

विषुववृत्ताजवळच्या पुंगोलमधल्या आमच्या आताच्या फ्लॅटमध्ये लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली, की मला कॅरिबियनमधलं ते बेट आठवतं. तेव्हा आम्ही दोघं कॅनडात शिकत होतो. तिथल्या हिवाळ्यात लोणचं काही मुरेना, म्हणून त्या स्वस्तातल्या सहलीला मी बरणीच सोबत नेली.

"लोक इथं पोहायला येतात आणि आपण लोणचं मुरवायला!" नवरा चिडवत होता.

संध्याकाळी समुद्रावरून परतलो, तर गॅलरीतली बरणी गायब. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात आम्ही उतरलो होतो त्या घराची म्हातारी मालकीण बरणी उराशी धरून आली. सावली सरकेल तशी ती दिवसभर बरणी उन्हात हलवत होती. आत काय आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं.

इथे बारा महिने ऊन. तरी सुट्टीच्या दिवशी नवरा बरणी सरकवत बसतो. म्हणतो, "म्हातारीचं काम आता माझ्याकडे."