देवाला न चालणारा चाफा

लग्न होऊन मुखेडला आले तेव्हा उदगीरच्या माहेरातून मी चाफ्याची दंडाएवढी जाड फांदी आणली होती. पावसाळ्यात ती दारात छान लागली आणि हिवाळ्यात सगळी पानं गाळून बसली.

सासूबाई म्हणाल्या, "असं वाळकं खोड दारात ठिवत न्हाईत. अक्षयतृतीयेपतूर फूल दिसलं न्हाई तर उपटून टाकीन."

माहेरचं तेवढंच होतं माझ्याजवळ! पण मी मॅट्रिक पास. ताठा असा, की दोन गावांना वाटून उरावा. झाड उपाशी आहे, असं निदान करून मी ऐन थंडीत रोज बादलीभर पाणी आणि मूठमूठ युरिया सुरू केला. झाड झोपलंय, हे मॅट्रिकला शिकवलं नव्हतं. झोपलेल्याच्या तोंडात पुरणपोळी कोंबावी, तसला प्रकार. एक फांदी शेंड्यापासून मऊ पडली, सडली.

"काय गं, जगून राहिलं का मरून राहिलं तुझं झाड?" सासूबाई रोज विचारायच्या.

सडकं कापलं, राख लावली, पाणी तोडलं. होळीनंतर शेंड्यांना हिरवी टोकं आली, तेव्हा खताचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "ताई, युरियानं नुस्ता पाला येतो. फुलं पाहिजेत तर हाडाचा चुरा घाला."

आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. पुडी पदराखाली लपवून आणली, आळ्यात पुरली, वर शेणखत पसरलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी कुत्री आळं उकरायला हजर!

"शेणखताचा वास येत असंल," मी ठोकून दिलं.

"हाव, लई भक्त झाली कुत्री चाफ्याची," सासूबाई म्हणाल्या.

आता मीच सासू झालेय, आणि सुनेला पानगळीपासून होळीपर्यंत चाफ्याच्या बादलीला हात लावू देत नाही. तिला वाटतं, सासूला झाडांतलं फार कळतं. वाटू दे.

तर त्या वर्षी अक्षयतृतीयेला सकाळी दोन फुलं उमललेली. हाडानं उमलली की उन्हानं, कोण जाणे. मी तोऱ्यात ती घेऊन देवघराकडे निघाले. सासूबाईंनी वाटेतच हात धरला.

"देवाला नको. कुत्र्याला कळलं ते मला कळत न्हाई व्हय?"

गेलं झाड, म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी एक फूल माझ्या अंबाड्यात खोचलं.

"माणसाला चालतंय," म्हणाल्या, आणि दुसरं स्वतःच्या.