समेवर न येणारी रेकॉर्ड

चांगल्या गाण्याचे किस्से होत नाहीत. लोक 'छान झालं' म्हणतात, चपला शोधतात आणि घरी जातात. किस्से साठतात ते न कळलेल्या गाण्याचे. आमच्या राहुरीच्या रविवारच्या मंडळाकडे तर त्यांचं पोतं भरलंय!

सगळा दोष जोशी सरांचा. हा गृहस्थ अमेरिकेतून माती तपासायला शिकून आला आणि येताना एक रेकॉर्ड घेऊन आला. "याला मिनिमल म्युझिक म्हणतात. तिकडचं नवं शास्त्रीय!" पियानोवर चार सुरांचा तुकडा. तोच परत. परत तोच! बऱ्याच वेळानं त्यातला एखादा सूर जरासा सरकणार, आणि सर आनंदानं आमच्याकडे बघणार. आम्ही छताकडे.

सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, दुसऱ्याच रविवारी बजावलं, "दिवाळीपर्यंत एका तरी माणसाला ही मनापासून आवडू दे. नाहीतर ही ट्रंकेत जाईल आणि माझी नाट्यगीतं बाहेर येतील."

"एक माणूस पुरे गं मला!" सर म्हणाले. बिचारे खरंच आशेवर होते.

*

पहिला मान रिटायर्ड पोस्टमास्तर अण्णांचा. रेकॉर्ड सुरू होते न होते तोच अण्णा ओरडले, "अडकली!" आमच्याकडे रेकॉर्ड अडकली की पिनेच्या दांडीवर पाच पैशाचं नाणं ठेवायची पद्धत. अण्णांनी ठेवलं. तरी तेच! त्यांनी दुसरं काढलं.

"अहो अण्णा, अडकली नाहीये, ती तशीच आहे!"

अण्णा सरांकडे बघतच राहिले. "म्हणजे मुद्दाम करतात? शुद्धीवर असताना?"

*

पटवर्धन वकिलांना समेवर मान टाकल्याशिवाय गाणं ऐकल्यासारखं वाटत नसे. त्यांनी मान उचलली. सम येईना. मान खाली आणायला जागाच मिळेना! रेकॉर्ड संपली तेव्हा मान तिथंच. मग चार दिवस शेक घेत होते.

"सम न देणं हा गुन्हाच आहे," ते म्हणाले, "कलम तेवढं सापडू द्या."

*

एकदा सरांनी एका साखर कारखान्याच्या चेअरमनना बोलावलं. कुठल्या ते सांगत नाही, मला याच तालुक्यात राहायचंय. साहेब पहिल्याच मिनिटाला घोरायला लागले. टाळ्या झाल्या तसे जागे झाले आणि उभं राहून बोलले, "सुरुवात चांगली झाली. मधला भाग तर फारच चांगला झाला!"

*

मग पारनेरचे भजनी बुवा आले. थोडं ऐकलं आणि पिशवीतून टाळ काढून चक्क साथ करायला लागले! सरांचा चेहरा काय फुलला म्हणता!

"लई ग्वाड," बुवा म्हणाले. "आमी सप्त्यात असंच घोळवतो. पन सर, ह्ये लोक नाव कुनाचं घेत्यात?"

"कुणाचंच नाही."

बुवांनी टाळ पिशवीत ठेवले. "मंग येवढं कशापायी?"

सर त्या दिवशी जेवले नाहीत, असं वहिनींनी नंतर सांगितलं. आम्ही हसलो खरं, पण मला जरा वाईट वाटलं.

*

दिवाळीआधीचा शेवटचा रविवार. पावसानं दगा दिलेलं वर्ष, उकाडा मरणाचा. डोक्यावर पंखा गरगरतोय, एरवी घट्ट लावलेली खिडकी उघडी. पुण्याहून आलेल्या नव्या डॉक्टरांनी फर्मावलं, "हे डोळे मिटून ऐकायचं असतं!" आम्ही सगळ्यांनी मिटले. सरांनीही.

आणि काय सांगू! त्या दिवशी कुणी उठलं नाही, कुणी खोकलं नाही. मध्येच सूर खोल खोल उतरला. मग नुसती एक लय, ठाम. सरांनी आणि मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर सगळे हळूच डोळे पुसताहेत. शेवटी त्या लयीला धाप लागल्यासारखं झालं, आणि एकदम शांत.

"अहाहा!" डॉक्टर म्हणाले. "त्या शेवटासाठी जन्मभर बसावं!" अण्णासुद्धा म्हणाले, "आज पोचलं बरं का."

सर वहिनींकडे वळले. "ऐकलंस? अगं, सगळे रडले!"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "घाम पुसत होते ते. पंखा बघा की वर! लाइट मघाशीच गेले, तुमची रेकॉर्ड तेव्हाच बसली. हे शेजारच्या बापूंचं विहिरीवरचं डिझेल इंजिन चाललं होतं."

कुणी कुणाकडे बघेना. सर मात्र उठले, खिडकीशी गेले आणि हाक मारली, "बापू, ते शेवटचं परत एकदा लावता का हो?"

पलीकडून बापू म्हणाले, "लावतो की सर. पन हिरीत पानी तुमी वतता का?"